क्ले शूटिंगसाठी पहिली सेमी-ऑटो शॉटगन घेताय? आधी काडतुसांचा हिशोब करा

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या मंडळींमध्ये क्ले शूटिंगचं वेड हळूहळू वाढतंय, ऑफिसमधलं कोणीतरी एकदा सोबत नेतं, आकाशात उडालेली ती केशरी चकती आपल्या हातून पहिल्यांदा फुटली की माणूस त्यात अडकतोच, आणि मग आठवडाभरात प्रश्न येतो की हजार डॉलरच्या आत कुठली सेमी-ऑटो, म्हणजे पुढचं काडतूस आपणहून चढवणारी शॉटगन घेऊ. याचं उत्तर एका मॉडेलचं नाव सांगून देता येतं पण त्याचा उपयोग होत नाही, कारण दोन माणसांना एकच बंदूक दिली तर एकाचे पंचवीसपैकी अठरा फुटतात आणि दुसऱ्याचे सहा, आणि वर त्याचा खांदाही दुखतो. म्हणून निवडायचं कसं ते सांगतो, नावं मध्ये येतीलच.

त्याआधी व्हिसाचं बोलू, कारण हे अनेकांना माहीतच नसतं. ग्रीन कार्ड किंवा सिटिझनशिप असेल तर डीलरकडे ४४७३ नंबरचा फॉर्म भरायचा, बॅकग्राउंड चेक होतो आणि बंदूक मिळते, इलिनॉय किंवा न्यू जर्सीसारख्या राज्यात आधी राज्याचं कार्ड काढावं लागतं. पण एच-वन, एल-वन, एफ-वन अशा नॉन-इमिग्रंट व्हिसावर असाल तर फेडरल कायद्याने बंदूक आणि काडतुसं जवळ बाळगायलाच बंदी आहे, काही अपवाद सोडून, आणि त्यातला आपल्याला लागू पडणारा मुख्य अपवाद म्हणजे अमेरिकेतल्या राज्याने दिलेलं वैध हंटिंग लायसन्स. आणि नीट लक्षात घ्या, फक्त विकत घेणं नाही तर रेंजवर भाड्याने घेतलेली बंदूक हातात धरणं सुद्धा यात येतं. मित्राची बंदूक आहे, मला काय होतंय, असं अजिबात समजू नका, इमिग्रेशनच्या फाइलवर हा डाग परवडणारा नाही. लायसन्स काढा, त्याची मुदत संपलेली नाही ना ते बघा, ते खिशात ठेवा, राज्याचा नियम वेगळा आहे का ते विचारा, शंका असेल तर वकिलाशी बोला, मगच रेंजवर जा.

आता खेळ काय आहे ते थोडक्यात, कारण बंदूक त्यावर ठरते. आपल्याकडे नेमबाजी म्हटलं की कोल्हापूरचा स्वप्नील कुसाळे आठवतो, त्याचं २०२४ चं पॅरिसचं ब्राँझ हे रायफलचं, म्हणजे एक गोळी आणि स्थिर लक्ष्य. राज्यवर्धन सिंग राठोड यांनी २००४ ला अथेन्समध्ये सिल्व्हर मिळवलं ते डबल ट्रॅपमध्ये, तो शॉटगनचा खेळ, उडणाऱ्या चकत्यांचा. ही चकती साधारण १०८ मिलिमीटर व्यासाची, डांबरासारख्या पिचची आणि चुनखडीच्या भुकटीची, वजन शंभर ग्रॅमच्या जरा वर. ट्रॅपमध्ये ती आपल्यापासून दूर पळते, पाच जागांवरून मिळून पंचवीस चकत्या. स्कीटमध्ये दोन बाजूंच्या दोन घरांमधून त्या आडव्या जातात आणि आपण आठ ठिकाणी उभं राहून मारायचं. स्पोर्टिंग क्लेजमध्ये झाडीतून चालत जायचं, प्रत्येक ठिकाणी चकती वेगळ्या तऱ्हेने येते, कधी सशासारखी जमिनीवरून उड्या मारत, आणि एका फेरीत पन्नास किंवा शंभर. हौशी माणूस तिन्ही थोडं थोडं खेळतो, म्हणून त्याला तिन्हीकडे चालेल अशी एकच बंदूक हवी असते.

शॉटगनमधून एक गोळी जात नाही, छर्र्यांचा ढग जातो. क्लेसाठी नेहमीचं काडतूस म्हणजे १२ बोर, पावणेतीन इंच लांब, आत एक औंस किंवा एक पूर्णांक एक अष्टमांश औंस शिसं, साडेसात किंवा आठ नंबरचे छर्रे. आठ नंबरचा छर्रा जेमतेम २.३ मिलिमीटरचा, आणि एका औंसात असे चारशेच्या आसपास बसतात. नंबर जितका मोठा तितका छर्रा बारीक, आणि बोरचंही तसंच उलटं, २० बोर ही १२ पेक्षा लहान. याचं कारण असं की नळीच्या मापाचे शिशाचे किती गोळे मिळून एक पौंड भरतो तो आकडा म्हणजे बोर, १२ बोरची नळी आतून साधारण साडेअठरा मिलिमीटर.

या काडतुसांपाशीच खरा पैशाचा मुद्दा आहे. पंचवीसची साधी पेटी आजकाल साधारण नऊ ते बारा डॉलरला मिळते. एका सुट्टीत पंचवीस-पंचवीसचे चार राउंड मारले की शंभर काडतुसं, म्हणजे चाळीसेक डॉलर, वर रेंजची फी धरली तर सत्तर-ऐंशी डॉलर सहज होतात. महिन्यातून दोनदा गेलात तर वर्षाला दीड-दोन हजार डॉलर, म्हणजे पहिल्याच वर्षात बंदुकीच्या किमतीच्या दुप्पट-तिप्पट पैसे काडतुसांत आणि फीमध्ये गेले. लोक दुकानात सहाशेची घेऊ की नऊशेची यावर तासभर डोकं लावतात, आणि ती बंदूक कुठली काडतुसं चालवते हे विचारतच नाहीत. माझं मत अगदी पक्कं आहे की हौशी माणसासाठी परवडणारी बंदूक म्हणजे दुकानातली सगळ्यात स्वस्त हलकी काडतुसं शंभरच्या शंभर न अडकता चालवते, आणि शंभरावं काडतूस मारताना खांदा नकोसा होत नाही, ती. किंमतीच्या चिठ्ठीवरचा आकडा यानंतर येतो.

आणि म्हणूनच या बजेटमध्ये सेमी-ऑटो. ऑलिम्पिकमध्ये बघाल तर जवळजवळ सगळ्यांच्या हातात ओव्हर-अंडर म्हणजे एकावर एक दोन नळ्यांची बंदूक दिसते, ती सुंदर असते, वर्षानुवर्षं टिकते, पण बेरेटा किंवा ब्राउनिंगची चांगली नवी ओव्हर-अंडर दोन हजार डॉलरच्या पुढेच सुरू होते. पाचसहाशे डॉलरच्या ओव्हर-अंडरही मिळतात, पण दर महिन्याला शेकडो काडतुसं मारायची असतील तर त्या पैशात सेमी-ऑटो जास्त भरवशाची, आणि मुख्य म्हणजे धक्का कमी. पंप-अ‍ॅक्शन सगळ्यात स्वस्त पडते, पण प्रत्येक बारानंतर हाताने मागेपुढे ओढायचं आणि दुसरी चकती तोवर निघालेली, नवशिक्याला ते जड जातं.

सेमी-ऑटो म्हणजे एकदा चाप ओढला की एकच बार, पण रिकामं काडतूस बाहेर फेकून पुढचं आत चढवायचं काम बंदूक स्वतः करते. हे काम करायला ताकद कुठून आणायची, याच्या सध्या दोन पद्धती चालतात, आणि कुठली घ्यायची हा पूर्ण खरेदीतला सगळ्यात मोठा निर्णय आहे.

पहिली पद्धत गॅसची. नळीला खालच्या बाजूने बारीक भोकं असतात, बार उडाला की आतला थोडा गॅस त्यातून खाली येतो, पिस्टनला मागे ढकलतो, पिस्टन बोल्टला म्हणजे काडतुसामागच्या सरकणाऱ्या लोखंडी ठोकळ्याला ढकलतो. धक्का एकदम एका झटक्यात न बसता जरा लांबून, पसरून बसतो, आणि बंदुकीचं वजनही थोडं जास्त असतं, त्यामुळे खांद्याला आराम. रेमिंग्टन ११०० ही १९६३ ला आली आणि तिने अमेरिकेत ही पद्धत घरोघरी नेली, आजही जुने स्कीटवाले तिच्याबद्दल प्रेमाने बोलतात ते याच मऊ धक्क्यामुळे. आजच्या चांगल्या गॅस बंदुका गॅस जास्त झाला तर आपोआप बाहेर सोडतात, म्हणून हलकं एक औंसाचं काडतूसही चालतं आणि जडही. तोटा एकच, काजळी. गॅससोबत जळलेल्या दारूची घाण पिस्टनवर बसते आणि काहीशे बारांनंतर उघडून पुसावंच लागतं, नाही पुसलं तर एका दिवशी ती अर्ध्यात अडकायला लागते आणि लोक बंदुकीला शिव्या देतात.

दुसरी पद्धत इनर्शियाची, बेनेलीने नावारूपाला आणलेली. यात गॅसला हातच लावत नाहीत. एसटी एकदम सुटली की उभा माणूस जागच्या जागी राहतो आणि गाडी त्याच्या पायाखालून पुढे जाते, तसं इथे बार उडाला की अख्खी बंदूक मागे सरकते पण आतला जड बोल्ट क्षणभर जागेवरच राहतो, त्यामुळे बोल्टच्या आतली आखूड कडक स्प्रिंग दाबली जाते, आणि ती सुटली की बोल्ट जोरात मागे जातो. सुटे भाग कमी, काजळी नळीतच राहते, आठवडेच्या आठवडे न उघडता चालते, वजन हलकं. पण या सगळ्याला ताकद मिळते ती बंदूक मागे सरकण्यातून, म्हणजे धक्क्यातूनच. म्हणून काडतूस फार हलकं असेल, बंदूक खांद्यावर ढिली धरली असेल, किंवा कोणी वजन कमी लागतंय म्हणून जास्तीचं वजन बसवलं असेल तर बोल्ट पूर्ण मागे जात नाही आणि काडतूस अडकतं. नवीन असताना स्प्रिंग आणि घासणारे भाग कडक असतात, म्हणून सुरुवातीला काही पेट्या जड काडतुसांच्या मारून तिला मोकळं करावं लागतं. आणि हलकी बंदूक, मऊ करायला काही नाही, म्हणून खांद्याला जास्त लागतं.

शिकारीला जाणारा, दिवसभर चिखलातून चालणारा आणि दहा-बारा बार काढणारा माणूस असेल तर त्याने इनर्शिया घ्यावी, त्याच्यासाठी ती उत्तमच. पण शनिवारी सकाळी शंभर चकत्या मारणाऱ्याने, तेही स्वस्त काडतुसांनी, गॅसच घ्यावी असं मी ठामपणे सांगेन. दुकानदार हलकी बंदूक हातात देऊन म्हणतो बघा किती हलकी, आणि हातात छान वाटतेही, पण क्लेसाठी सात ते आठ पौंडाची बंदूक चांगली, ती जड असल्यामुळे धक्काही खाते आणि एकदा वळायला लागली की मध्येच थांबत नाही, आणि बार चकतीच्या मागून जाण्याचं मुख्य कारण बंदूक मध्येच थांबणं हेच असतं.

आता नावं. हजार डॉलरच्या आसपास नवी घ्यायची तर बेरेटा ए३०० अल्टिमा आणि विंचेस्टर एसएक्स४ या दोन गॅसच्या बंदुका मी आधी हातात घेऊन बघायला सांगेन. बेरेटा ही १५२६ पासून बंदुका बनवणारी इटालियन कंपनी, तिच्या महाग ए४०० मधला गाजावाजा ए३०० मध्ये नाही पण रोजचं काम तितकंच भरवशाचं. मॉसबर्गची ९४० प्रो ही पण गॅसची, तिच्या दस्त्याची, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या मागच्या भागाची लांबी स्पेसर नावाचे जाड तुकडे काढून-घालून बदलता येते, आपल्या उंचीच्या लोकांना हे फार कामाचं. पाच-सातशेच्या गटात बहुतेक बंदुका तुर्कस्तानातून येतात, तिथे कोन्या प्रांतातलं हुगलू नावाचं गाव शॉटगन बनवण्यासाठीच ओळखलं जातं, सीझेड या कंपनीच्या बऱ्याच शॉटगन तिथेच बनलेल्या. ट्रायस्टार वायपर जी२ ही गॅसची, आणि स्टोगर एम३००० ही इनर्शियाची. तुर्की म्हणून नाक मुरडायची काही गरज नाही, त्यातल्या कित्येक वर्षानुवर्षं चालतात, फक्त एकाच मॉडेलच्या दोन बंदुकांमध्ये फरक पडू शकतो, म्हणून वॉरंटी कोण देतंय, सुटे भाग अमेरिकेत मिळतात का, हे आधी विचारून घ्यायचं आणि पहिल्या महिन्यातच दोनतीनशे बार मारून बघायचं म्हणजे काही असेल तर लगेच परत पाठवता येतं.

साडेतीन इंची काडतूस चालणारी बंदूक क्लेसाठी घेऊ नका. दुकानात सांगतात की यात सगळंच चालतं, पण ती जड काडतुसं बदकांच्या आणि हंसांच्या शिकारीची, आपल्याला पावणेतीन इंचाच्या पुढे कधी जायचं नाहीये, आणि इतक्या मोठ्या पल्ल्याची बंदूक बरेचदा हलक्या काडतुसावरच कुरकुर करते. तीन इंची चेंबर, म्हणजे नळीत काडतूस बसतं ती जागा, पुरे. नळी अठ्ठावीस इंच घ्या, उंच असाल तर तीस. चोक म्हणजे नळीच्या तोंडाशी बसणारी आवळणारी नळकांडी, ती बहुतेक बंदुकीसोबत तीन-पाच मिळतातच, स्कीटला मोकळा, ट्रॅपला आवळलेला, आणि काही सुचत नसेल तर इम्प्रूव्हड सिलिंडर नावाचा थोडासाच आवळणारा चोक लावून पहिलं वर्ष काढा, चोक बदलून नवशिक्याचा स्कोअर वाढत नाही.

स्कोअर वाढतो तो मापाने. रायफलला मागे-पुढे दोन साइट म्हणजे नेम धरायच्या खुणा असतात, शॉटगनला मागची साइट म्हणजे तुमचा स्वतःचा डोळा, म्हणून डोळा दर वेळी त्याच जागी आला पाहिजे, आणि तो येतो की नाही हे दस्त्याच्या लांबीवर आणि उंचीवर ठरतं. अमेरिकन बंदुकांचा दस्ता साधारण चौदा ते साडेचौदा इंच असतो, तो सरासरी अमेरिकन पुरुषाला धरून केलेला. आपल्यातला साडेपाच फुटाचा माणूस ती बंदूक खांद्याला लावतो तेव्हा दस्ता काखेत अडकतो, मग तो बंदूक दंडावर टेकवतो आणि दुसऱ्या दिवशी दंड काळानिळा होतो, आणि त्याला वाटतं की १२ बोर आपल्याला झेपत नाही. झेपतं, फक्त दस्ता लांब आहे. बायकांच्या बाबतीत तर हे फारच होतं, त्यांच्या हातात कोणीतरी नवऱ्याच्या मापाची बंदूक देतं आणि त्या एका राउंडमध्ये कायमच्या नाद सोडतात, हे बघून मला खरंच वाईट वाटतं. तेरा इंचाच्या आसपासची कॉम्पॅक्ट मॉडेल मिळतात, एसएक्स४ मध्ये आहे, बाकीच्यांतही आहेत, ती मागा.

दुकानात एक चाचणी करा. आधी दुकानदाराला चेंबर रिकामं असल्याचं दाखवायला लावा, स्वतःही बघा, मग भिंतीच्या वरच्या कोपऱ्याकडे सुरक्षित दिशेला तोंड करून डोळे मिटा, बंदूक खांद्याला लावा, गाल दस्त्यावर टेकवा आणि डोळे उघडा. नळीवरची पट्टी अगदी थोडी दिसतेय आणि टोकाचा मणी मधोमध आहे, तर बंदूक तुमची. पट्टी दिसतच नाही, समोर बंदुकीचाच मागचा भाग येतोय, तर दस्ता खाली पडतोय. पट्टी लांबलचक रस्त्यावर वरून बघावं तशी दिसतेय तर दस्ता उंच. बऱ्याच सेमी-ऑटोसोबत शिम नावाच्या पातळ पट्ट्या येतात, त्या दस्त्याच्या मुळाशी घालून तो वरखाली आणि डावी-उजवीकडे थोडा हलवता येतो, लोक त्या डब्यात तशाच ठेवून देतात. आणि कुठला डोळा जोरात चालतो ते घरीच बघा, दोन्ही हातांनी छोटा त्रिकोण करून लांबची वस्तू त्यात धरायची आणि एकेक डोळा मिटायचा, ज्या डोळ्याने वस्तू त्रिकोणातच राहते तो तुमचा मुख्य डोळा. तो डावा आणि तुम्ही उजवे असाल तर बंदूक घेण्याआधी कोचशी बोला, कारण हा प्रश्न कुठलीही बंदूक सोडवत नाही.

२० बोर घेऊ का, असं बरेच जण विचारतात, धक्का कमी असतो म्हणून. काडतूस हलकं असतं हे खरं, पण बंदूकही हलकी असते, त्यामुळे अपेक्षेइतका फरक पडत नाही आणि छर्रे मात्र कमी. गॅसच्या १२ बोरमध्ये एक औंसाचं किंवा त्याहून हलकं सात अष्टमांशाचं काडतूस घातलं तर तितकंच मऊ वाटतं. अगदी बारीक चणीच्या किंवा शाळकरी मुलांसाठी मात्र २० बोरची गॅस बंदूक घ्याच.

जुनी घ्यायची तयारी असेल तर बजेट फार लांब जातं. जुनी रेमिंग्टन ११००, बेरेटा ३९० किंवा ३९१ यातलं काही बऱ्या अवस्थेत मिळालं तर नव्या स्वस्त बंदुकीआधी ते घ्या. रेमिंग्टन कंपनी २०२० मध्ये दिवाळखोरीत जाऊन तुकड्यातुकड्यांनी विकली गेली, पण ११०० इतक्या विकल्या गेल्यात की सुटे भाग मिळतात. नळीवरचा मजकूर वाचा, पावणेतीन इंच लिहिलं असेल तर तीन इंची काडतूस कधीही नाही. पुढची लाकडी मूठ काढून मॅगझिनच्या, म्हणजे जास्तीची काडतुसं भरतात त्या नळीवर गंज आहे का बघा, ११०० मध्ये तिथे एक छोटं रबरी कडं असतं, ते झिजलं की गॅस निसटतो आणि बंदूक अडकायला लागते, चांगल्या बंदुका याच्यामुळे कवडीमोलाने विकल्या जातात, आणि ते कडं अगदी किरकोळ किमतीत मिळतं, दोन जास्तीची बॅगेत ठेवा.

रेंजवर सेमी-ऑटोवाल्याने थोडं जास्त सांभाळायचं असतं. ओव्हर-अंडर मधोमध उघडून हातावर टाकली की सगळ्यांना दिसतं रिकामी आहे, आपली तशी दिसत नाही, म्हणून चालताना बोल्ट उघडा, नळी वर किंवा खाली, आणि चेंबरमध्ये रंगीत फ्लॅग लावलात तर शेजारचे निश्चिंत राहतात. ट्रॅपला एकेरी चकतीसाठी एकच काडतूस भरायचं, मॅगझिनमध्ये जागा आहे म्हणून जास्त नाही. आपलं रिकामं काडतूस उजवीकडे उडतं आणि शेजाऱ्याच्या कानावर बसतं, त्याच्यासाठी शेल कॅचर मिळतो, ट्रॅप खेळणार असाल तर पहिल्या दिवशीच घ्या. कानाला आणि डोळ्यांना संरक्षण कायम, बघायला आलेल्या पोरांनाही. घरी बंदूक कुलपात, काडतुसं वेगळ्या कुलपात.

बंदूक घरी आली की थेट चकत्यांवर जाऊ नका. रेंजवर पॅटर्न बोर्ड असतो, साधारण सोळा यार्डांवरून मोठ्या कागदावर एक ठळक ठिपका काढा आणि नेम न धरता, चकती असल्यासारखी बंदूक पटकन खांद्याला लावून मारा, असं तीन-चार वेळा एकाच कागदावर. छर्र्यांचा दाट भाग ठिपक्याच्या खाली किंवा बाजूला जात असेल तर शिम बदला आणि नवा कागद लावा. ठिपका मधोमध किंवा दाट भाग त्याच्या जरा वर आला की माप जमलं, मग दुकानातली सगळ्यात स्वस्त चार पेट्या घ्या आणि ट्रॅपच्या पहिल्या जागेवर उभे राहा.